नव्या सेमी-ट्रेलरचे पासिंग अडते कुठे?

महोदय,

‘ट्रेलरला इंजिनच नाही, मग वेगळा नंबर कशाला? हॉर्सचा (ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनच्या गाडीचा) आहे ना!’ हे वाक्य कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डांपर्यंत अजूनही ऐकू येते. म्हणणाऱ्याने बहुधा पहिलाच ट्रेलर घेतलेला असतो आणि तो पासिंगवाचून यार्डात उभा असतो. बँकेचा हप्ता मात्र सुरू झालेला असतो. ट्रेलर-वाहतूक आणि आरटीओची कागदपत्रे हाताळणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत, कारण यातल्या बहुतेक अडचणी आरटीओच्या खिडकीवर दिसत असल्या तरी जन्माला येतात ट्रेलर बनवणाऱ्याच्या शेडमध्ये आणि विक्रेत्याच्या टेबलावर. खरेदीदाराने शेवटचा चेक देण्याआधी थोडी तपासणी केली, तर त्या तिथेच मिटतात.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या संज्ञेतच ट्रेलर धरलेला आहे. सेमी-ट्रेलरची व्याख्या कलम २ मध्ये वेगळी दिली आहे: स्वतःच्या ताकदीने न चालणारे, ज्याचा काही भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकतो आणि ज्याच्या वजनाचा काही हिस्सा ते वाहन पेलते, असे वाहन. हॉर्स आणि सेमी-ट्रेलर जोडले की होते ‘आर्टिक्युलेटेड व्हेईकल’. कलम ६१ सांगते की नोंदणीच्या तरतुदी इतर वाहनांप्रमाणेच ट्रेलरलाही लागू आहेत. म्हणजे ट्रेलरचा चॅसी नंबर, आरसी, फिटनेस, विमा, कर आणि नंबर प्लेट हे सगळे त्याचे स्वतःचे. सूट मिळते ती पीयूसीतून. धूर सोडायला इंजिन नाही. ‘वाहन’ या नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीत इंधनाच्या रकान्यात ‘लागू नाही’ असाच पर्याय निवडायचा असतो. तिथे हॉर्सचे डिझेल लिहून ठेवणारे महाभागही आहेत, आणि मग दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीने एक मोठा बदल केला. त्याचा लाभ ट्रेलर घेणारे फारसा उठवत नाहीत. विक्रेता राज्यातलाच असेल आणि नोंदणी राज्यातच व्हायची असेल, तर नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा आहे, आणि नंबर प्लेट लागेपर्यंत वाहन मालकाच्या ताब्यात द्यायचेच नाही (कलम ४१). कारच्या शोरूममध्ये हे सरसकट पाळले जाते. ट्रेलरच्या बाबतीत मात्र ‘घेऊन जा, कागद मागून पाठवतो’ हीच पद्धत. खरेदीदारही खूश, कारण उद्याच एक फेरी मिळणार असते. मग कागद मागून येत नाहीत, आले तर चुकीचे येतात, आणि रस्त्यावर पकडले तर विनानोंदणी वाहन चालवल्याबद्दल पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंतचा दंड कलम १९२ प्रमाणे गाडी चालवणाऱ्याच्या माथी. आमचा सल्ला साधा आहे: खरेदीच्या करारातच लिहून घ्या की शेवटची रक्कम आरसी क्रमांक पडल्यावर दिली जाईल.

कागदांमध्ये फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचे प्रमाणपत्र आणि फॉर्म २२ म्हणजे रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र. सांगाडा एकाचा आणि बॉडी दुसऱ्याची असेल तर फॉर्म २२-ए, तोही दोन्ही भागांसह. बिलावर जीएसटीचा एचएसएन (मालाच्या वर्गीकरणाचा कोड) ८७१६ असतो. तिथे ट्रकच्या सुट्या भागांचा कोड दिसला की समजावे, बनवणाऱ्याने ‘फॅब्रिकेशनचे काम’ म्हणून बिल फाडले आहे. असे बिल नोंदणीला चालत नाही, आणि त्यामागचे कारण त्याहून गंभीर असते.

ते कारण म्हणजे टाइप अप्रूव्हल, म्हणजे मॉडेलला मिळालेली मान्यता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खालच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून ट्रेलरचा नमुना तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत: पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. जड ट्रकने ओढायच्या ट्रेलर आणि सेमी-ट्रेलरसाठी एआयएस ११३ हे मानक आहे. रस्त्याकडेच्या शेडमध्ये उत्तम वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, त्यांचे बीम बड्या कारखान्यांपेक्षा काकणभर सरस असतात, हे आम्हीही मान्य करू. पण मान्यता नसलेल्या मॉडेलला आरटीओ नंबर देऊ शकत नाही, आणि ‘साहेबांना सांगून करून देतो’ म्हणणाऱ्यालाही ते जमत नाही, कारण आता सगळे संगणकात अडते. उत्पादकाने मॉडेलची माहिती आणि प्रत्येक ट्रेलरचा चॅसी नंबर प्रणालीत चढवलेला असावा लागतो. नंबर चढवलेला नसेल तर विक्रेत्याच्या पडद्यावर ट्रेलर दिसतच नाही आणि अर्ज पहिल्या पायरीवरच थांबतो. म्हणून बयाणा देतानाच तीन गोष्टी मागाव्यात: मान्यता प्रमाणपत्राची प्रत, त्यात आपले नेमके मॉडेल (कंटेनरसाठीचा नुसत्या सांगाड्याचा स्केलेटल, सपाट तळाचा फ्लॅटबेड की खालच्या तळाचा लो-बेड; चाकांचे आस म्हणजे ॲक्सल दोन की तीन) असल्याची खात्री, आणि ट्रेलर तयार झाल्यावर चॅसी नंबर प्रणालीत दिसत असल्याचा पुरावा. चाळीस फुटी स्केलेटलची मान्यता दाखवून त्याच नावाखाली पत्रा ठोकलेला फ्लॅटबेड गळ्यात मारला जातो. तोही नंतर तपासणीत परत येतो.

चॅसी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि तो लोखंडावर कोरलेला असावा लागतो. रिव्हेट मारलेली पट्टी म्हणजे चॅसी नंबर नव्हे. त्याचा पेन्सिल प्रिंट (वर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) स्वतः काढून घ्यावा. रंग मारताना कोरीव अक्षरांत प्रायमर भरतो आणि मग ८ आणि बी, ० आणि डी, ५ आणि एस यांचा घोळ होतो. बिल, फॉर्म २१, फॉर्म २२, विम्याची पॉलिसी आणि बँकेचे पत्र या पाचही ठिकाणी तोच नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. एका अक्षराच्या फरकाने विम्याला नवे एंडोर्समेंट लागते, बँकेचे नवे पत्र लागते, आणि तोवर अर्ज ‘होल्ड’वर.

सगळ्यात जास्त गैरसमज वजनाचे आहेत, तेव्हा इथे थोडे सविस्तर लिहितो.

१६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ॲक्सलवरील कमाल वजने वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला ११.५ टन, दोन ॲक्सलच्या जोडीला २१ टन, तीन ॲक्सलच्या संचाला २७ टन. पुढच्या दोन टायरच्या स्टिअरिंग ॲक्सलचे ७ टन धरले की हिशेब सरळ होतो. दोन ॲक्सलचा हॉर्स आणि दोन ॲक्सलचा ट्रेलर: ७ अधिक ११.५ अधिक २१, म्हणजे ३९.५ टन. त्याच हॉर्समागे तीन ॲक्सलचा ट्रेलर: ४५.५ टन. तीन ॲक्सलचा हॉर्स आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर: ७ अधिक २१ अधिक २७, म्हणजे ५५ टन, पूर्वी याच जोडीला ४९ होते.

घोळ होतो तो ट्रेलरच्या कागदावरचे एकूण वजन वाचताना. सेमी-ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. पुढचा हिस्सा किंगपिनमधून (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) हॉर्सच्या फिफ्थ व्हीलवर (ती खुंटी अडकते ती ताटली) टेकतो. समजा ५५ टनांच्या जोडीत हॉर्सचे रिकामे वजन ९ टन आहे. हॉर्सच्या ॲक्सलना एकूण २८ टन पेलता येतात, म्हणजे किंगपिनवरून जास्तीत जास्त १९ टन येऊ शकतात. ट्रेलरच्या चाकांवर २७. म्हणून माल धरून ट्रेलरचे वजन ४६ टनांपर्यंत जाऊ शकते, आणि कागदावर तसा मोठा आकडा दिसला तर ती चूक नव्हे. चूक होते ती हॉर्सचे २८ आणि ट्रेलरचे ४६ मिळवून ७४ टन भरायला मोकळे झालो असे समजण्यात. त्या बेरजेत किंगपिनवरचे १९ टन दोनदा मोजले जातात. जोडीची मर्यादा ५५ च.

आणि ही मर्यादा दोघांपैकी जो कमी त्याची. ४९ टनांची नोंद असलेल्या जुन्या हॉर्सला नवा तीन ॲक्सलचा ट्रेलर लावला म्हणून तो ५५ चा होत नाही. ट्रेलर घेताना हॉर्सची आरसी समोर ठेवूनच मॉडेल ठरवावे. बंदरातल्या कामाचे एक उदाहरण पुरेसे आहे. अनेक चाळीस फुटी कंटेनरांचे मालासह कमाल वजन ३०.४८ टन असते. दोन ॲक्सलचा हॉर्स साधारण ७ टन, दोन ॲक्सलचा स्केलेटल ट्रेलर साधारण ६ टन धरला तर एकूण साडेत्रेचाळीस टन होतात आणि मर्यादा आहे ३९.५. म्हणजे भरगच्च चाळीस फुटी या जोडीने कायद्यात बसवून नेताच येत नाही. तीन ॲक्सलचा ट्रेलर घेतला तर ट्रेलरचे एखादे टन वाढूनही ४५.५ मध्ये ते बसते. खरेदीत थोडे पैसे वाचवायला दोन ॲक्सलचा ट्रेलर घेणारे हा हिशेब करत नाहीत. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. वरच्या उदाहरणात चार टन जास्त म्हणजे अठ्ठावीस हजार, एका फेरीचे.

रिकाम्या ट्रेलरचे वजन कागदावर छापील असते आणि प्रत्यक्ष काट्यावर वेगळे भरते. गिऱ्हाईक सांगते ‘जरा जाड प्लेट टाका’, बनवणारा टाकतो, आणि कागद जुन्याच मॉडेलचा देतो. ट्रेलर सुटा काट्यावर घेता येत नाही, म्हणून आधी एकट्या हॉर्सची आणि मग रिकाम्या जोडीची काटा पावती घ्यावी. वजाबाकीत जे येईल ते ट्रेलरचे वजन. दोन्ही वेळी डिझेलची टाकी सारखीच असावी, नाही तर शेदोनशे किलो तिथेच हलतात. फरक मोठा असेल तर बनवणाऱ्याकडून कागद दुरुस्त करून घ्यावेत, कारण आरसीवर चढलेले रिकामे वजन नंतर बदलणे फार किचकट आहे.

टायरचेही असेच. अर्जात प्रत्येक ॲक्सलवरच्या टायरची संख्या आणि माप लिहावे लागते. कागदावर १०.००-२० आणि बसवलेले २९५/९० आर २० असा प्रकार नेहमीचा, कारण त्या आठवड्यात जो माल मिळाला तो बसवलेला असतो.

मोटार वाहन निरीक्षकांसमोर ट्रेलर न्यायचा असेल तेव्हा पुढील गोष्टी पाहून न्याव्यात. रुंदी २.६ मीटरच्या आत. ट्विस्ट लॉकचे (कंटेनर अडकवायच्या कुलपांचे) कान किंवा मडगार्ड बाहेर आले तरी टेप तिथेच लागते. मागचा अंडररन गार्ड (मानक आयएस १४८१२) आणि बाजूचे गार्ड (आयएस १४६८२) पक्के बसवलेले हवेत. तपासणीपुरते बोल्टने अडकवलेले गार्ड निरीक्षक हाताने हलवून पाहतात, आणि बरोबरच करतात: मागून ट्रेलरखाली शिरणाऱ्या दुचाकीस्वाराला किंवा कारमधल्याला तेवढाच आधार असतो. रिफ्लेक्टिव्ह टेप मागे लाल, बाजूला पिवळी. ती एआयएस ०९० ची, शिक्का असलेली असावी. बाजारातली साधी चमकपट्टी दिवसा सारखीच दिसते, पण चालत नाही. दिवे चोवीस व्होल्टवर सातही पिनांतून लागतात का, हे ज्या हॉर्सला ट्रेलर लावून नेणार त्यावरच तपासावे. नव्या ट्रेलरचा प्लग आणि जुन्या हॉर्सचे वायरिंग यांत ब्रेक लाइट आणि इंडिकेटर अदलाबदल होणे ही रोजची गोष्ट. हवेच्या दोन नळ्यांपैकी लाल पुरवठ्याची, पिवळी ब्रेकची. लाल काढली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. ट्रेलरला एबीएस असेल तर त्याची वेगळी केबल हॉर्सला आहे का तेही पाहावे. आणि किंगपिन: दोन इंची आणि साडेतीन इंची अशी दोन मापे चालतात. फिफ्थ व्हील एका मापाचे आणि किंगपिन दुसऱ्या मापाचा निघाला, तर ट्रेलर कारखान्याच्या फाटकाबाहेरही येत नाही.

विमा ट्रेलरच्या चॅसी नंबरवर स्वतंत्र घ्यावा किंवा हॉर्सच्या पॉलिसीत ट्रेलर नावानिशी चढवून घ्यावा, आणि तोही ट्रेलर कारखान्यातून हलण्यापूर्वी. हॉर्सचा विमा आहे म्हणजे मागच्याचाही आहे हे गृहीत धरल्याने अपघातानंतरचे दावे वर्षानुवर्षे अडतात. कर्ज असेल तर फॉर्म २० वर बँकेची सही-शिक्का लागतो; जड वाहनावर बोजा चढवण्याचे शुल्क तीन हजार रुपये. ट्रेलरची आरसी स्वतंत्र असल्यामुळे हॉर्सवर एका बँकेचा आणि ट्रेलरवर दुसरीचा बोजा असू शकतो, आणि पुढे ट्रेलर एकटा विकताही येतो. भागीदारी संस्था असेल तर बिल, पॅन, जीएसटी आणि पत्त्याचा पुरावा एकाच नावाचे हवेत. बिल भागीदाराच्या नावावर आणि जीएसटी फर्मचा, हा घोळ फार.

एका हॉर्समागे दोन-तीन ट्रेलर ठेवण्याची इथे रीत आहे: एक भरत असतो, तोवर दुसरा ओढायचा. कायद्याला हे मान्य आहे. फॉर्म २० मध्येच दुसऱ्या किंवा जादा सेमी-ट्रेलरचा तपशील लिहिण्याची सोय आहे: बॉडीचा प्रकार, रिकामे वजन, टायर, प्रत्येक ॲक्सलचे वजन. ते भरत नाहीत आणि नंतर ‘हा ट्रेलर या हॉर्सचा नव्हेच’ म्हणून वाद होतो. मागच्या ट्रेलरवर ओढणाऱ्या हॉर्सचा नंबर दाखवणेही कलम ६१ प्रमाणे बंधनकारक आहे. ट्रेलर बदलला की तो नंबर बदलायचा राहतो, आणि कॅमेऱ्याने टिपलेले चलान भलत्याच मालकाच्या मोबाइलवर जाते. फास्टॅग हॉर्सच्या काचेवर असतो. टॅग घेताना फक्त हॉर्सचे ॲक्सल धरले गेले असतील तर टोलवर सहा ॲक्सलची जोडी आणि तीन ॲक्सलचा टॅग अशी तफावत निघते. ट्रेलरची आरसी हाती आली की टॅगचा वर्गही सुधारून घ्यावा.

परराज्यातून ट्रेलर आणायचा असेल तर तिथेच तात्पुरती नोंदणी करून घ्यावी लागते. तिची प्लेट पिवळी, अक्षरे लाल; कागदावर छापून चिकटवलेला नंबर ग्राह्य नाही. इथे पोहोचल्यावर कायम नोंदणीसाठी प्रवासाचा काळ सोडून सात दिवस असतात. आणि स्वस्त पडते म्हणून ईशान्येकडच्या राज्यांत नोंदवलेले ट्रेलर बंदर परिसरात फिरतात, त्यांच्या मालकांसाठी: बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन महाराष्ट्रात ठेवले तर कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावाच लागतो.

आता परिवहन विभागाकडे मागणी. वाशी (एमएच ४३), पनवेल (एमएच ४६) आणि ठाणे (एमएच ०४) या तिन्ही कार्यालयांत ट्रेलरसाठी लागणाऱ्या कागदांची आणि तपासणीच्या मुद्द्यांची मराठीतली यादी दर्शनी भागात लावावी. आज ती एजंटाच्या डोक्यात असते आणि तिथेच राहावी अशी त्याची इच्छा असते. दुसरे म्हणजे, तपासणीसाठी चाळीस फुटी ट्रेलर शहरातून आणायचा तर अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि एका मुद्द्यासाठी परत पाठवला की पुन्हा तेच. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घेण्याची पद्धत या विभागाला नवी नाही. तसेच आठवड्यातला एक ठरलेला दिवस निरीक्षकांनी जेएनपीएच्या (जवाहरलाल नेहरू बंदराच्या) पार्किंग प्लाझात किंवा कळंबोलीत बसावे, आणि किरकोळ त्रुटी त्याच दिवशी दुरुस्त करून पुन्हा दाखवण्याची मुभा द्यावी. टेप, दिवे आणि टायरचे माप या तिन्ही गोष्टी दुपारपर्यंत जागेवर सुधारता येतात. आणि शेवटचे: नंबर न लावता ट्रेलर सोडणाऱ्या विक्रेत्यांवर कलम ४१ प्रमाणे विचारणा सुरू करावी. चलान आज फक्त रस्त्यावरच्या चालकाला मिळते.

आपले,
ट्रेलर-वाहतूक व नोंदणीच्या कामातील काही वाचक,
कळंबोली, नवी मुंबई